लिफ्टशेजारून ओढलेली केबल

त्याचं खरं नाव घरच्यांशिवाय फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. कामावर सगळे त्याला 'मेव्हणे' म्हणत. पहिल्या दिवशी दाजी त्याला घेऊन आले आणि ठेकेदाराला म्हणाले, "हा आमचा मेव्हणा. कामाला वाघ आहे, फक्त भूक फार लागते त्याला." झालं! त्या दिवसापासून तो ठेकेदाराचा मेव्हणा, गवंड्यांचा मेव्हणा, रंगाऱ्यांचा मेव्हणा. एकदा एका इमारतीच्या मालकानेच "अहो मेव्हणे, जरा इकडे या" अशी हाक मारली, तेव्हा दाजी हसून हसून खाली बसले. "बघ लेका, माझ्यामुळे तुला केवढं गणगोत मिळालं."

दाजी म्हणजे त्याच्या ताईचे यजमान. आई-वडील गेल्यावर ताईने आणि दाजींनीच त्याला सांभाळलं, आणि शाळेत डोकं चालेना तेव्हा दाजींनीच हाताला धंदा दिला. इमारतीच्या आत एका मजल्यावरचे संगणक दुसऱ्या मजल्याशी जोडायचे, हा तो धंदा. तळमजल्यावर एक लोखंडी कपाट असतं, त्याला रॅक म्हणतात. तिथून प्रत्येक मजल्यावरच्या छोट्या रॅकपर्यंत तांब्याच्या केबली चढवायच्या आणि दोन्ही टोकं जोडायची. ऐकायला सोपं वाटतं. पण एका केबलच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. टोक जोडताना तो पीळ जरा जास्त सुटला की काम बिघडलं.

मेव्हणा ओढायचा आणि दाजी जोडायचे. दाजींचे गुडघे गेलेले, त्यामुळे केबली चढवायच्या उभ्या पोकळीत, म्हणजे शाफ्टमध्ये, शिडीला लटकणं त्यांच्याच्याने होत नसे. ते रॅकपुढे छोट्या स्टुलावर बसत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेत, आणि तारा अशा बसवत की जणू लेकीची वेणी घालताहेत. त्यांनी केलेला सांधा उलगडून पुन्हा करायची वेळ कधी आली नव्हती. ठेकेदार नव्या पोरांना सांगायचा, "जा, दाजींचा रॅक बघून या. मग तोंड वर करून बोला."

शिकवताना दाजी फार बोलत नसत, पण जे बोलत ते डोक्यात बसायचं. "केबल ओढताना तिला वाटलं पाहिजे की ती आपणहूनच वर चाललीय." आणि दुसरं, "विजेच्या जाड तारांच्या शेजारी हिला नेऊन बसवायचं नाही. हिची कुजबुज चाललेली असते रे. शेजारी कुणी लाऊडस्पीकर लावला तर पलीकडच्याला काय कप्पाळ ऐकू येणार?"

मेव्हण्याला हे पाठ होतं. पाठ होतं म्हणूनच पुढे जे झालं ते त्याला स्वतःपासून लपवता आलं नाही.

काम होतं एका तपासणी केंद्राचं. खाली रक्त-लघवीचे नमुने घ्यायचे, मधल्या मजल्यांवर यंत्रं, आणि चौथ्या मजल्यावर डॉक्टरांच्या खोल्या. खालचे रिपोर्ट वर डॉक्टरांच्या पडद्यावर दिसायला हवेत, एवढंच मागणं. केबली इमारतीच्या मागच्या बाजूच्या शाफ्टमधून न्यायच्या असं ठरलेलं होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. चौथ्याच्या स्लॅबमधलं भोक मात्र कुणीतरी काँक्रीटने बुजवून ठेवलेलं. ते पुन्हा पाडायचं म्हणजे ड्रिलवाल्याला बोलवा, धुरळा करा, अर्धा दिवस घालवा. आणि त्या दुपारी मेव्हण्याच्या मुलीच्या शाळेत धावण्याची शर्यत होती. "बाबा, तुम्ही नेहमी सांगता आणि येत नाही," असं ती सकाळी म्हणाली होती.

समोरच्या बाजूला लिफ्टचा शाफ्ट होता. लिफ्टवाल्यांनी आपल्या जाडजूड तारा खालपासून वरपर्यंत चढवून ठेवल्या होत्या. लिफ्ट अजून चालू झाली नव्हती. बाजूला जागा होती, भोकं तयार होती. मेव्हण्याने इकडेतिकडे पाहिलं आणि चौथ्या मजल्याच्या केबली तिथूनच वर खेचल्या. लिफ्टच्या तारांना खेटूनच बांधल्या, कारण बांधायला दुसरं काही नव्हतं.

वर दाजी रॅकपुढे बसले होते. केबलीचं टोक हातात घेत त्यांनी सहज विचारलं, "मागूनच आणलीस ना?"

"हो, ठरल्याप्रमाणे."

दाजींनी मान हलवली आणि कामाला लागले. संध्याकाळी केबल तपासायचा टेस्टर लावला तेव्हा हिरवा दिवा लागला. मेव्हणा शर्यतीला वेळेत पोचला, मुलगी तिसरी आली, आणि तो इतक्या जोरात टाळ्या वाजवत होता की शेजारच्या बाईने कानावर हात ठेवला.

केंद्र सुरू झालं आणि पाठोपाठ तक्रार आली. चौथ्या मजल्यावर पडदे गोठतात. रिपोर्ट उघडता उघडता अडकतो, मग आपोआप सुरू होतो, पुन्हा अडकतो. ठेकेदाराने फोनवर हे सांगितलं तेव्हा मेव्हण्याला लिफ्टच्या तारा आठवल्या. त्याला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. पण ठेकेदार पुढे म्हणाला, "सांधा ढिला असेल. दाजींना म्हणावं, एकदा बघून घ्या." आणि मेव्हण्याच्या तोंडून निघून गेलं, "बरं, सांगतो."

एवढंच. तो खोटं बोलला नाही, फक्त निरोप पोचवला. पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला हेच सांगत राहिला.

केंद्र दिवसभर गजबजलेलं, म्हणून दुरुस्तीला ते संध्याकाळी जात, सगळे घरी गेल्यावर. दाजींनी चौथ्या मजल्याचे सगळे सांधे उलगडले आणि नव्याने केले. टेस्टर हिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तक्रार. दाजी पुन्हा गेले, पुन्हा सांधे केले, पुन्हा हिरवा दिवा, आणि सकाळी पुन्हा तेच. केंद्राच्या मॅनेजर बाई कंटाळल्या. त्या ठेकेदाराला म्हणाल्या, "ते आजोबा काम मन लावून करतात, पण त्यांचा हात थरथरतो हो. मी पाहिलंय. कुणी तरुण माणूस पाठवा."

ठेकेदाराने हे दाजींना सांगितलं नाही, मेव्हण्याला सांगितलं. "तुझे दाजी आहेत, तूच काय ते समजाव." मेव्हणा मान खाली घालून ऐकत राहिला. पण अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. रंगाऱ्यांपैकी कुणीतरी दाजींना थट्टेत विचारलं, "काय दाजी, हात कापायला लागले म्हणे?" दाजी हसले. त्या दिवशी डबा खाताना मात्र त्यांनी चमचा तोंडाशी नेता नेता मध्येच थांबवला आणि चमचा थरथरतो का ते बघत राहिले.

मेव्हण्याला राहवेना. एका सकाळी तो एकटाच केंद्रात गेला आणि चौथ्या मजल्याच्या रॅकपुढे उभा राहिला. हिरवे दिवे नीट लुकलुकत होते. मग भिंतीपलीकडून लिफ्टची घरघर ऐकू आली. दिव्यांची एक ओळ पिवळी झाली, विझली, पुन्हा पेटली. लिफ्ट थांबली आणि दिवे ताळ्यावर आले. पुन्हा घरघर झाली, पुन्हा दिवे गेले. सकाळी पेशंट वर-खाली करत, लिफ्टला उसंत नसे. संध्याकाळी, ते दोघं टेस्टर घेऊन येत तेव्हा, लिफ्ट गप्प उभी असे.

आता शंकेला जागाच उरली नाही. आज सांगायचं, असं ठरवून तो संध्याकाळी ताईकडे गेला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दाजी बसले होते. समोर केबलीचे तुकडे पसरलेले. ताई टेबल-लॅम्प हातात धरून उभी होती. दाजी एकेक तुकडा सोलत, तारा बसवत, भिंगातून बघत आणि बाजूला ठेवत होते. शाळेतला मुलगा पाढे घोकतो तसं चाललं होतं.

"बस," ताई म्हणाली. "रोज संध्याकाळी हेच. मी म्हणते, अहो डोळे दुखतील. ऐकतील तर शपथ." तिने लॅम्प त्याच्या हातात दिला आणि चहा टाकला. मेव्हण्याने लॅम्प धरला. दाजींचा हात उजेडात होता, आणि खरंच, तो किंचित थरथरत होता.

"बघ रे हा," दाजींनी एक तुकडा पुढे केला. "नीट आहे ना? माझ्या डोळ्यांना नीट दिसतोय. पण तुझे डोळे तरुण आहेत. खरं सांग."

सांधा निर्दोष होता.

"नीट आहे, दाजी."

"मग रात्रीतून काय होतं त्याला?" दाजी तुकड्यालाच विचारल्यासारखं बोलले. ताईने कप आणून ठेवला. मेव्हण्याने चहा प्यायला, मुलीच्या अभ्यासाबद्दल काहीबाही बोलला आणि उठून आला. जिन्यात त्याने भिंतीला डोकं टेकलं. उद्या सांगू, असं तो मनाशी म्हणाला. रविवारी केंद्र बंद असतं, गुपचूप जाऊन केबल बदलून टाकू, कुणाला कळायचं नाही. पण बंद केंद्राची किल्ली मॅनेजर बाईंकडे होती, आणि किल्ली मागायची तर कारण सांगावं लागणार होतं. एक रविवार गेला. दुसराही गेला.

मग एके दिवशी दाजींनी हत्यारांची पेटी ठेकेदाराच्या टेबलावर आणून ठेवली. "आता होत नाही. नाव खराब व्हायच्या आधी थांबलेलं बरं." ठेकेदाराने वरवर आग्रह केला, आतून सुटकेचा श्वास सोडला. मेव्हणा तिथेच उभा होता. दाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता तू जोड आणि तूच ओढ. मला तुझा भरवसा आहे."

ती थाप पाठीवर कितीतरी वेळ जळत राहिली.

घरी बसल्यावर दाजी झपाट्याने म्हातारे दिसायला लागले. शर्टाची बटणं लावताना ते थांबत, कप दोन्ही हातांनी धरत. ताईला काळजीने झोप येईना. तिने मज्जातंतूंच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि भावाला फोन केला. "तू चल यांच्याबरोबर. माझ्यासमोर हे डॉक्टरला काही सांगणार नाहीत. आणि माझं माहेर म्हणजे तूच, दुसऱ्या कुणाला सांगू?"

"चलतो. कुठे आहे दवाखाना?"

ताईने पत्ता सांगितला. तेच केंद्र, आणि खोली चौथ्या मजल्यावर.

डॉक्टर तरुण होते, मृदू बोलणारे. त्यांनी दाजींना हात पुढे करायला लावले, बोटांनी नाकाचा शेंडा शिवायला लावला, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. मेव्हणा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होता. मग डॉक्टर सकाळी खाली दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट उघडायला पडद्याकडे वळले. भिंतीपलीकडे लिफ्ट घरघरली. पडदा गोठला.

"हे एक रोजचं आहे," डॉक्टर वैतागून म्हणाले. "कुणी काम केलंय देव जाणे."

दाजी खुर्चीत सावरून बसले. कुणी मोठ्या माणसाने नाव पुकारावं तसे. "साहेब," ते म्हणाले, "ते माझं काम आहे. सांधे माझ्या हातचे. या हातांसाठीच तुमच्याकडे आलोय. माफ करा, तुमची फार गैरसोय झाली."

डॉक्टर ओशाळले. मेव्हण्याला वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं. लिफ्ट थांबली, रिपोर्ट उघडला. डॉक्टरांनी तो वाचला आणि म्हणाले, "आजोबा, तुम्हाला काहीही आजार नाही. या वयात थोडा कंप सगळ्यांनाच असतो, काळजीने तो वाढतो. तुम्ही खुशाल काम करा."

दाजींचा चेहरा उजळायला हवा होता. पण ते गोंधळले. "मग सांधे का सुटतात?" असं त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं.

ते दोघं जिन्याने उतरायला लागले. गुडघे दुखत असूनही दाजी लिफ्टकडे गेले नाहीत. बहुधा विचारातच होते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मेव्हणा थांबला.

"दाजी, सांधे सुटत नाहीत. ते कधीच सुटले नव्हते."

"म्हणजे?"

"केबल मी मागून नाही आणली. लिफ्टच्या शाफ्टमधून आणली, तिच्या तारांना खेटून. लिफ्ट चालली की पडदा गोठतो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

दाजी कठड्याला धरून उभे राहिले. खालून एक बाई मुलाला घेऊन वर येत होती, त्यांनी तिला वाट दिली. ती गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुला केव्हापासून माहीत आहे?"

"शंका पहिल्या तक्रारीपासून होती. खात्री झाली ती... ज्या दिवशी तुम्ही टेबलावर तुकडे जोडत बसला होतात."

"तू समोर बसला होतास."

"हो."

"लॅम्प धरून."

"हो, दाजी."

"चहा प्यायलास," दाजी म्हणाले. मग पुन्हा, हळूच, "चहा प्यायलास माझ्यासमोर बसून."

मेव्हण्याला वाटत होतं, त्यांनी एक थोबाडीत द्यावी. ओरडावं, जिना दणाणून सोडावा. दाजींनी फक्त स्वतःचे दोन्ही हात समोर धरून पाहिले, उलटे केले, सुलटे केले, आणि खिशात घातले.

"मी या हातांना काय काय बोललो माहीत आहे तुला?" ते म्हणाले आणि उतरायला लागले.

शेवटच्या पायरीवर त्यांनी वळून न बघता सांगितलं, "घरी यातलं काही बोलायचं नाही. तुझ्या ताईला माहेरचा म्हणून एक तूच आहेस. तेवढा तिला राहू दे."

मेव्हणा तिथून थेट ठेकेदाराकडे गेला आणि सगळं सांगितलं. ठेकेदाराने त्याला चारचौघांत उभा-आडवा सोलला, आणि ते ऐकताना मेव्हण्याला बरं वाटत होतं. मॅनेजर बाईंनाही त्याने स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं. "अरेरे, मी उगाच त्या आजोबांना..." असं म्हणून त्या थांबल्या.

रविवारी बंद केंद्रात त्याने चौथ्या मजल्याच्या स्लॅबमधलं बुजलेलं भोक पाडून घेतलं, मागच्या शाफ्टमधून नवी केबल चढवली, भोवतालची फट लिंपली. घामाने निथळत तो वरच्या रॅकपाशी आला, तर दाजी स्टुलावर बसलेले. त्याने त्यांना बोलावलं नव्हतं. बोलवायची हिंमतच झाली नव्हती.

"सांधे माझे आहेत इथले," दाजी म्हणाले. "ते दुसऱ्याने करायचे नाहीत."

त्यांनी मेव्हण्याकडची आपली जुनी पेटी उघडली आणि एकेक तार बसवली. हात थरथरत होता, पण तार जागच्या जागी बसत होती. नंतर मेव्हण्याने लिफ्ट वर-खाली करायला लावली. दिवे हिरवे ते हिरवेच. दाजींनी ते पाहिलं, पेटी बंद केली आणि गेले.

दाजी कामाला पुन्हा लागले, पण मेव्हण्याबरोबर नाही. त्यांनी दुसरा ठेकेदार धरला, दुसरा केबल ओढणारा धरला. त्यांच्या कामाची वाखाणणी मेव्हण्याला इतरांकडून ऐकू येई. कुणी म्हणे, तुमचे दाजी आता केबल कुठून येते ते स्वतः उतरून बघतात, गुडघे दुखत असले तरी. टेस्टरपेक्षा जास्त वेळ बॅटरी घेऊन शाफ्टमध्ये डोकावत उभे राहतात. ऐकणारे हसत. मेव्हण्याला हसू येत नसे.

ताईला यातलं काहीच कळलं नाही. तिच्या लेखी भावाने नवऱ्याला डॉक्टरकडे नेलं आणि माणूस बरा झाला. दाजी पुन्हा कामावर जातात, शर्टाची बटणं न थांबता लावतात, यापलीकडे तिला काही नको होतं. आता दर खेपेला ती त्याला आग्रह करकरून वाढते. परवाच तो बायको-मुलीला घेऊन गेला होता. जेवताना त्याच्या बायकोने सहज विचारलं, "दाजी, तुम्ही दोघं आता एकत्र काम का करत नाही हो?"

मेव्हण्याचा घास हातातच राहिला.

"अगं, तो तयार झालाय आता," दाजी ताटातून नजर न उचलता म्हणाले. "त्याला माझी काय गरज?"

"खरं म्हणजे यानेच तुम्हाला उभं केलं पुन्हा," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पाठचा भाऊ असावा तर असा." आणि त्याने नको म्हणायच्या आत तिने त्याच्या ताटात आणखी वाढलं.

दाजी भात कालवत राहिले. मेव्हण्याने मान खाली घातली आणि वाढलेलं सगळं संपवलं.